कॅटच्या चाळणीतून नेमके काय गळते?

व्यवस्थापन शिक्षणाच्या वाटेवरील देशातील सर्वांत मोठी चाळणी म्हणजे ‘कॅट’ ही सामाईक प्रवेश परीक्षा. यंदाची परीक्षा ३० नोव्हेंबर २०२५ रोजी तीन सत्रांत पार पडली आणि डिसेंबरमध्ये तिचा निकालही लागला. परीक्षा घेण्याची जबाबदारी या वेळी कोळिकोडच्या आयआयएमकडे होती. सुमारे २ लाख ९५ हजार उमेदवारांनी नोंदणी केली आणि त्यांपैकी सुमारे २ लाख ५८ हजार प्रत्यक्ष परीक्षेस बसले. आता आयआयएम आणि अन्य संस्थांच्या मुलाखतींचा हंगाम सुरू झाला आहे. शंभर पर्सेंटाइल मिळविणाऱ्यांची छायाचित्रे शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत झळकू लागली आहेत. निकालाच्या या गदारोळात एक साधा प्रश्न दरवर्षी मागे पडतो. ही परीक्षा उमेदवाराची विचारशक्ती मोजते की त्याचा इंग्रजी वाचण्याचा वेग?

हा प्रश्न केवळ मराठीच्या अभिमानापोटी विचारलेला नाही. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ आज १३ भाषांत देता येते आणि त्यांत मराठी आहे. अभियांत्रिकीची ‘जेईई मेन’ २०२१पासून १३ भाषांत होते. पदवी प्रवेशाच्या ‘सीयूईटी’लाही तोच पर्याय आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि मुलाखतही मराठीत देता येते. म्हणजे मराठीत परीक्षा देऊन या देशात डॉक्टर होण्याची, अभियंता होण्याची, इतकेच नव्हे तर जिल्हाधिकारी होण्याची वाट मोकळी आहे. व्यवस्थापक होण्याची मात्र नाही. कॅट फक्त इंग्रजीत होते. जमशेदपूरच्या एक्सएलआरआय संस्थेची ‘झॅट’ फक्त इंग्रजीत होते. राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए घेते ती ‘सीमॅट’ फक्त इंग्रजीत होते. आणि ज्या राज्याची राजभाषा मराठी आहे, त्या महाराष्ट्र शासनाची एमबीए प्रवेशाची सीईटीसुद्धा फक्त इंग्रजीतच होते.

चाळीस मिनिटांचा हिशेब

प्रथम या परीक्षेची रचना समजून घेतली पाहिजे. कॅटमध्ये एकूण ६८ प्रश्न आणि २०४ गुण असतात. पहिला विभाग इंग्रजी वाचन व भाषिक क्षमतेचा, प्रश्न २४. दुसरा माहितीचे विश्लेषण व तर्कशक्तीचा, प्रश्न २२. तिसरा अंकगणित व बीजगणितादी संख्यात्मक क्षमतेचा, प्रश्न २२. प्रत्येक विभागाला नेमकी ४० मिनिटे मिळतात. ती संपली की त्या विभागाकडे परत वळता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण वजा होतो. उत्तर स्वतः टंकित करावयाच्या प्रश्नांना उणे गुण नसतात.

गुणांवरून पुढे पर्सेंटाइल काढले जाते. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे, हे अनेक पालकांना आजही समजावून सांगावे लागते. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरातील ९९ गुण असा नसून ९९ टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत असा होतो. अडीच लाखांहून अधिक उमेदवारांत ९९ पर्सेंटाइल मिळविणाऱ्याच्याही पुढे सुमारे अडीच हजार जण उभे असतात. अशा गर्दीत दोन-तीन प्रश्नांचा फरक माणसाला रांगेत कित्येक हजारांनी मागे ढकलतो. आणि दोन-तीन प्रश्नांचा फरक म्हणजे वास्तविक पाच-सात मिनिटांचा फरक.

ही पाच-सात मिनिटे कुठे जातात, ते एका साध्या हिशेबाने पाहू. वाचन विभागात साधारणपणे चार उतारे असतात आणि प्रत्येक उतारा सुमारे ५०० शब्दांचा धरला तर एकूण मजकूर २ हजार शब्दांचा होतो. मिनिटाला २०० शब्द समजून वाचणारा उमेदवार ही मजल १० मिनिटांत संपवितो. मिनिटाला १२० शब्द वाचणाऱ्यास जवळजवळ १७ मिनिटे लागतात. पहिल्यापाशी २४ प्रश्नांसाठी ३० मिनिटे उरतात, म्हणजे प्रश्नामागे ७५ सेकंद. दुसऱ्यापाशी २३ मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे ५८ सेकंदांहूनही कमी. दोघांची समज सारखीच असली तरी एकाने घरात आणि शाळेत इंग्रजी ऐकत-बोलत पंधरा वर्षे काढली आहेत आणि दुसऱ्याने तीच वर्षे मराठीत विचार करण्यात घालविली आहेत.

वाचन विभागाबद्दल तक्रार करता येणार नाही. तो विभाग इंग्रजीचीच परीक्षा घेतो आणि तसे उघडपणे सांगतो. खरी अडचण पुढच्या दोन विभागांत आहे. तर्कशक्तीच्या विभागात चार-पाच संच असतात. प्रत्येक संचाच्या आरंभी अटींची लांबलचक यादी दिलेली असते. पाच शाखा, चार वस्तू, अमुक शाखेची विक्री तमुक शाखेहून अधिक, परंतु दुप्पट नाही, आणि तिसऱ्या शाखेने एखादी वस्तू विकली असेल तरच चौथीने ती विकलेली असेल, अशा धर्तीच्या त्या अटी असतात. त्यांतील सारा खेळ ‘अनलेस’, ‘ओन्ली इफ’, ‘अ‍ॅट मोस्ट’, ‘नॉट मोअर दॅन’ अशा बारीक शब्दांवर चालतो. मराठीतील ‘असेल तर’ आणि ‘असेल तरच’ यांतला फरक आपल्या गावाकडच्या कोणत्याही हुशार मुलास क्षणात कळतो. ‘इफ’ आणि ‘ओन्ली इफ’ यांतला तोच फरक इंग्रजीत ताडण्यास त्याला दोनदा वाचावे लागते. घड्याळ मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. या विभागात त्याला जे कमी गुण मिळतात त्यांची नोंद ‘तर्कशक्ती कमी’ अशी होते. वस्तुतः कमी पडलेली असते ती इंग्रजी. आपल्या आक्षेपाचे मूळ याच चुकीच्या नोंदीत आहे.

भरीस भर म्हणजे बहुतेक आयआयएम एकूण पर्सेंटाइलसोबत प्रत्येक विभागातील किमान पर्सेंटाइलही पाहतात. एका विभागात घसरलेला उमेदवार दुसऱ्या विभागातील उत्तम गुणांच्या बळावर तरून जाईलच असे नाही. त्यानंतर लेखन चाचणी होते, तीही इंग्रजीत. मग मुलाखत, तीही इंग्रजीत. म्हणजे इंग्रजीची परीक्षा तीनदा उघडपणे आणि दोनदा छुपेपणाने घेतली जाते.

एक मराठी, अनेक परिस्थिती

‘कॅट मराठीतही घ्या’ अशी सरसकट मागणी करणे सोपे आहे. परंतु महाराष्ट्राबाहेरच्या मराठी समाजाची शाळा एकाच साच्याची नाही आणि म्हणून अडचणही एकाच जातीची नाही.

गोव्याचे उदाहरण घ्या. येथे सरकारी प्राथमिक शाळा मराठी आणि कोकणी माध्यमाच्या आहेत. चौथीपर्यंत मातृभाषा आणि पाचवीपासून इंग्रजी, ही आपल्याकडची बहुसंख्य मुलांची वाट. प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे माध्यम कोणते असावे यावरून १९९०पासून येथे केवढा संघर्ष झाला आणि २०११मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान खुले झाल्यावर तो कसा पुन्हा पेटला, हे वाचकांस ठाऊक आहे. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की गोव्यातील मराठी मुलाने शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग यांचे गणित इंग्रजी संज्ञांतूनच केलेले असते. त्याच्यापुढे गणिताची मराठी प्रश्नपत्रिका ठेवली तर ‘चक्रवाढ व्याज’ आणि ‘व्यस्त प्रमाण’ हे शब्दच त्याला अडखळायला लावतील. गोव्याच्या मुलाला भाषांतरित प्रश्नपत्रिकेचा लाभ मर्यादित आहे. त्याची गरज वेगळी आहे. पाचवीत एकदम इंग्रजीच्या खोल पाण्यात उतरविलेल्या या मुलाला संज्ञा येतात, पण सलग पाचशे शब्द वाचून त्यांतला युक्तिवाद पकडण्याची सवय कुणी लावलेली नसते. पाठ्यपुस्तकातील धडा आणि मार्गदर्शकातील तयार उत्तर यांच्यापलीकडे त्याचे इंग्रजी वाचन जात नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सीमाभागात चित्र पालटते. तेथील मराठी शाळांतील मूल दहावीपर्यंत गणित मराठीतच शिकते, कन्नड ही भाषा म्हणून अभ्यासते आणि अकरावीत वाणिज्य वा विज्ञान शाखेला जाताच इंग्रजीच्या सामोरे उभे राहते. कॅटच्या तिसऱ्या विभागातील बहुतांश गणित शालेय पातळीचेच असते, म्हणजे नेमके तेच, जे या मुलाने मराठीत पक्के केलेले असते. मराठी प्रश्नपत्रिकेचा सर्वाधिक आणि तत्काळ लाभ याच विद्यार्थ्याला होईल. महाराष्ट्रातल्या निमशहरी आणि ग्रामीण मराठी शाळांतून आलेल्या पदवीधरांची स्थितीही हीच आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे पुन्हा निराळी कथा. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या काळापासून स्थिरावलेल्या या घरांत मराठी बोलली जाते, सण मराठीत साजरे होतात, परंतु शाळा हिंदी, गुजराती, तेलुगू वा इंग्रजी माध्यमाची असते. इंदुरात तर १९९६पासून आयआयएमच आहे. त्या संस्थेच्या बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षाही इंग्रजीतच होते. इंदूरच्या मराठी घरातील हिंदी माध्यमात शिकलेल्या मुलीला कॅट मराठीत मिळून उपयोग नाही, तिला ती हिंदीत हवी. बडोद्याच्या मुलाला गुजरातीत हवी.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मागणी एकट्या मराठीची नसून, शाळेत ज्या भाषेत गणित आणि तर्क शिकलो त्या भाषेत ते मांडण्याच्या संधीची आहे. गोव्यापुरते आणखी एक सांगितले पाहिजे. नीट, जेईई आणि सीयूईटीच्या १३ भाषांत कोकणी नाही. आपण मराठीसाठी जे मागतो तेच कोकणीसाठीही मागितले नाही, तर आपल्या मागणीतील न्यायाचा भाग लंगडा पडेल.

‘उद्योगाची भाषा इंग्रजीच’

या मागणीवर येणारा पहिला आक्षेप ठरलेला आहे. व्यवस्थापनाचे वर्ग इंग्रजीत चालतात, पुस्तके इंग्रजीत आहेत, बड्या कंपन्यांचा कारभार इंग्रजीत होतो, मग प्रवेश परीक्षा अन्य भाषेत घेऊन काय साधणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अहमदाबाद आणि कोलकाता येथील पहिल्या दोन आयआयएम १९६१मध्ये स्थापन झाल्या, त्या अनुक्रमे हार्वर्ड आणि एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयांच्या सहकार्याने. एखाद्या उद्योगाचा पेच वर्गापुढे ठेवून त्यावर चर्चा करण्याची हार्वर्डची पद्धत तेथूनच आली आणि तिच्यासोबत इंग्रजीही आली. इंग्रजी न येणाऱ्याचा त्या वर्गात टिकाव लागणार नाही, हे खरेच आहे.

परंतु यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की उमेदवाराला पुरेसे इंग्रजी यावे. तर्क आणि गणितसुद्धा इंग्रजीतूनच मोजावे, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. चीनमध्ये एमबीएच्या प्रवेशासाठी जी राष्ट्रीय परीक्षा होते, तिची एकूण गुणसंख्या ३०० आहे. त्यांपैकी गणित, तर्क आणि लेखन यांचे २०० गुण चिनी भाषेतील प्रश्नपत्रिकेला आणि १०० गुण स्वतंत्र इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेला असतात. जगाशी व्यापार करणाऱ्या देशाने विचारशक्ती आपल्या भाषेत मोजली आणि इंग्रजी वेगळे मोजले. त्यामुळे त्यांच्या व्यवस्थापकांचे काही अडल्याचे दिसत नाही.

परदेशी विद्यापीठांसाठीची जीमॅट इंग्रजीतच होते. तथापि तिच्यातील अलीकडचा बदल लक्ष देण्याजोगा आहे. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात तीन विभाग आणि ६४ प्रश्न आहेत. त्यातून व्याकरणदृष्ट्या वाक्य सुधारण्याचे प्रश्न वगळले आणि निबंधही वगळला. आकलन आणि युक्तिवाद तपासणारे प्रश्न तेवढे राहिले. उमेदवाराचे इंग्रजी पाहायचे असेल तर अनेक विद्यापीठे टोफेल वा आयईएलटीएसचे गुण वेगळे मागतात. इंग्रजी वेगळे आणि बुद्धी वेगळी मोजण्याची दिशा तेथेही दिसते.

शिवाय ‘उद्योगाची भाषा इंग्रजी’ हे विधान निम्मेच खरे आहे. मुख्यालयातील सादरीकरण इंग्रजीत होते हे कबूल. साखर कारखान्याची वार्षिक सभा, दूध संघाचे संकलन केंद्र, बागायतदार संस्थेचा खरेदीचा काटा, विमा प्रतिनिधींची बैठक, बचतगटांचे कर्जवाटप हे सारे मराठीत, कोकणीत, कन्नडमध्ये चालते. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पाया विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांशी मराठीत बोलूनच घातला. ग्रामीण बाजारपेठ हेच पुढील वाढीचे क्षेत्र असे कंपन्या म्हणत असतील, तर त्या बाजारपेठेच्या भाषेत विचार करणारा व्यवस्थापक चाळणीतून गळू देणे हा त्यांच्याच दृष्टीने तोटा आहे.

आयआयएमलाही वैविध्याचे मोल पटलेले आहे. कॅट २०२४मध्ये शंभर पर्सेंटाइल मिळविणाऱ्या १४ जणांपैकी १३ जण अभियंते होते. वर्ग एकसुरी होऊ नये म्हणून अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांना आणि मुलींना निवडसूत्रात अधिकचे गुण अनेक आयआयएम देतात. शाळेच्या माध्यमाचा विचार मात्र या सूत्रांत दिसत नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर हे वैविध्य ठरते, पण मराठी शाळेचा पदवीधर हे वैविध्य ठरत नाही.

भाषांतराचा धोका

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो भाषेवर प्रेम करणाऱ्यांनीच प्रथम मांडला पाहिजे. वाईट भाषांतर हे भाषांतर नसण्याहून घातक असते. २०१८च्या नीटमध्ये तमिळ प्रश्नपत्रिकेतील ४९ प्रश्नांत भाषांतराच्या चुका असल्याची तक्रार झाली. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने प्रत्येकी चार याप्रमाणे १९६ गुण देण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो टिकू दिला नाही. मधल्या काळात मुलांनी जो मनस्ताप सोसला त्याची भरपाई कोणत्याही न्यायालयाला करता आली नसती. ‘असेल तर’च्या जागी ‘असेल तरच’ छापले गेले तर तर्कशक्तीचा अख्खा संच कोसळेल.

यावर उपाय आहेत. परीक्षा संगणकावर होते, त्यामुळे मराठी प्रश्नाशेजारी मूळ इंग्रजी प्रश्न दिसण्याची सोय सहज करता येते. त्यामुळे गोव्याच्या मुलाला इंग्रजी संज्ञा आणि बेळगावच्या मुलाला मराठी वाक्य, दोन्ही एकाच पडद्यावर मिळतील. संज्ञा शालेय पाठ्यपुस्तकांतल्याच वापराव्यात, नव्याने घडवू नयेत. आणि भाषांतर करणाऱ्याने स्वतः तो प्रश्न मराठीवरून सोडवून पाहावा. उत्तर मूळ प्रश्नाशी जुळले तरच प्रश्न छापावा. ही तपासणी खर्चिक नाही, तिला फक्त वेळ आणि जबाबदार माणसे लागतात. कॅटच्या शुल्कापोटी सर्वसाधारण उमेदवाराकडून २,६०० रुपये आणि अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांकडून १,३०० रुपये घेतले जातात. त्या शुल्काच्या बदल्यात एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कायद्याच्या शिक्षणात हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. विधी प्रवेशाची ‘क्लॅट’ भारतीय भाषांतही घ्यावी यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि २०२३मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या मागणीस अनुकूलता दर्शविली. व्यवस्थापनाच्या क्षेत्रात अशी हालचाल अद्याप दिसत नाही. ही परीक्षा आपल्या मुलांसाठी नव्हेच, असे आपण मनोमन मान्य करून टाकले आहे काय?

सुरुवात कुठून व्हावी

आयआयएम या २०१७च्या कायद्याने स्वायत्त आहेत. त्यांच्यावर सक्ती करता येणार नाही आणि करूही नये. परंतु दोन परीक्षा थेट सरकारी यंत्रणांच्या हाती आहेत. सीमॅट घेणाऱ्या एनटीएकडे १३ भाषांत प्रश्नपत्रिका काढण्याची व्यवस्था जेईई आणि सीयूईटीच्या निमित्ताने आधीच उभी आहे. सीमॅटचे गणित आणि तर्काचे विभाग त्या व्यवस्थेतून काढणे हा धोरणाचा प्रश्न आहे, क्षमतेचा नव्हे.

दुसरी परीक्षा महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची. हा कक्ष कायद्याच्या पदवीची सीईटी मराठीतही घेतो, एमबीएची मात्र घेत नाही. विसंगती येथेच संपत नाही. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातील उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे आणि त्यासाठी उमेदवाराची मातृभाषा मराठी असावी अशी अट आहे. म्हणजे बेळगावच्या मुलाला प्रवेशाच्या दारापर्यंत मराठीच्या आधारे आणले जाते आणि दारात इंग्रजी प्रश्नपत्रिका हाती दिली जाते. या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद. वाचनाच्या वेगाचा काच येथे कॅटहूनही अधिक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा जो उत्सव झाला, त्याचा छोटासा अंश या प्रश्नपत्रिकेच्या वाट्याला यायला हरकत नसावी.

गोव्याचे काम वेगळे आहे. साखळीच्या परिसरात, सत्तरीच्या सीमेवर, गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट आहे. १९९३मध्ये रायबंदरला सुरू झालेली आणि नंतर येथे स्थलांतरित झालेली ही संस्था देशभरच्या विद्यार्थ्यांना कॅटसारख्या परीक्षांच्या गुणांवर प्रवेश देते. तिच्या भोवतालच्या गावांत मराठी प्राथमिक शाळा आहेत. त्या शाळांतून शिकलेली किती मुले त्या आवारात विद्यार्थी म्हणून पोहोचतात, याची नोंद सरकारने ठेवावी आणि ती जाहीर करावी. त्याचबरोबर साखळी, खांडोळा, केपे आणि पेडणे येथील सरकारी महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षापासून आठवड्यातून दोन तास केवळ इंग्रजी वाचनाचे वर्ग उच्च शिक्षण संचालनालयाने सुरू करावेत. त्यात व्याकरणाची पुनरावृत्ती नको. सलग निबंध वाचायचा, लेखकाचा मुद्दा एका वाक्यात मराठीत वा कोकणीत सांगायचा आणि मग तोच इंग्रजीत लिहायचा, असा तो सराव असावा. तीन वर्षांत दोनशे निबंध वाचलेला विद्यार्थी कॅटच्या चार उताऱ्यांना बिचकणार नाही.

परीक्षा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर यंदा तयारीला लागणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपली अडचण नेमकी ओळखावी. तर्काचा एखादा संच घड्याळ न लावता सोडवून पाहावा. वेळेचे बंधन नसताना तो सुटत असेल तर उणीव बुद्धीत नाही, वाचनात आहे, आणि वाचन सरावाने सुधारते. अटी दर्शविणाऱ्या इंग्रजी शब्दांची वही करून त्यांचे मराठी अर्थ समोर लिहून ठेवावेत. सीमाभागातील विद्यार्थ्यांनी गणिताच्या संज्ञांची अशीच दुहेरी यादी करावी, दीड-दोनशे संज्ञांत काम भागते. कॅट आणि सीईटी यांची रीत भिन्न आहे हेही ध्यानात ठेवावे. सीईटीत उणे गुण नसतात, त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये. कॅटमध्ये पर्यायी प्रश्नाचा अंधारात मारलेला बाण गुण घेऊन जातो.

कॅटची अधिसूचना साधारणतः जुलैच्या अखेरीस निघते. प्रश्नपत्रिकेच्या स्वरूपाचे निर्णय त्याआधी झालेले असतात. सीमॅट आणि सीईटीविषयी काही मागायचे असेल, तर आमदार, खासदार, साहित्य संस्था आणि विद्यार्थी संघटना यांच्यासाठी हेच महिने कामाचे आहेत. ही मागणी लेखी असावी आणि नेमकी असावी. इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच ठेवा, त्याचे किमान गुणही हवे तर कडक ठेवा, पण गणित आणि तर्काचे प्रश्न उमेदवाराच्या शाळेच्या भाषेतही द्या. एवढे झाले तरी निकालपत्रावर ‘तर्कशक्ती’च्या रकान्यात जो आकडा पडेल, तो खरोखर तर्कशक्तीचा असेल.